वाळूत ठेवलेली चुंबळ

मित्रांनो, डोकं आणि ओझं यांच्यामध्ये जी बसते, ती मी. मला चुंबळ म्हणतात. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. जुन्या कापडाला पीळ देऊन केलेलं एक गोल कडं, एवढंच माझं रूप. बाई ते डोक्यावर ठेवते आणि त्यावर पाटी घेते. पाटीचा काठ टाळूला रुतू नये, ओझं डगमगू नये, म्हणून मी.

दापोलीच्या किनाऱ्यावर बुरोंडी नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या भागूबाईने मला केलं. तिचं एक हिरवं लुगडं विटून विरलं होतं. ते तिने लांब फाडलं, आत नारळाचा काथ्या घातला, पीळ दिला आणि जाळं विणायच्या दोऱ्याने मला शिवून टाकलं. शिवताना ती गात होती. नवऱ्याची थट्टा करणारं गाणं होतं ते, वल्हं मारताना झोप घेतो म्हणून. त्या काळी बंदरावर अशी गाणी बायाच रचत आणि बायाच गात. त्यांत चावटपणाही असे. लग्नाच्या हळदीला भागूबाई नाचायला लागली की पुरुष कडेला सरत. लुगडं पोटरीपर्यंतच असायचं, पण तिच्याकडे बघताना कुणाची नजर खाली घसरायची नाही, कारण ती स्वतः समोरच्याच्या डोळ्यांत बघून नाचायची.

मला डोळे नाहीत, कान नाहीत, असं तुम्ही म्हणाल. पण मला मान कळते. बाई थकली, की मान जड होते. बाई हसली, की मान हलकी होते. आणि बाई घाबरली, की मान लाकडासारखी होते. पाटीखाली हे सगळं माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

भागूबाईच्या डोक्यावर मी किती बंदरं, किती वाड्या पाहिल्या. वाटेत जंगल लागे, साप लागे, ओढ्याला पाणी येई. तिची मान क्वचितच लाकूड व्हायची. पुढे तिचे मणके दुखू लागले आणि मी तिच्या सुनेकडे, मनिषाकडे आले. मनिषा रिक्षातून दापोलीला जाऊ लागली. बाजारात थर्माकोलचे खोके आले, प्लास्टिकचे क्रेट आले. रिक्षातून उतरून बाजारात बसेपर्यंतच काय ते माझं काम उरलं. बाकीचा वेळ मी पडवीतल्या खुंटीवर लटकून असे, आणि झुरळं माझ्या अंगावरून फिरत. त्याचं मला वाईट वाटे. पण त्या मे महिन्यानंतर जी भीती माझ्यात शिरली, तिच्यापुढे ते वाईट वाटणं काहीच नव्हतं.

त्या मे महिन्यात शेजारच्या सोनूबाईचा मुलगा भावेश मुंबईहून आला. तिकडे तो लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करी. त्याने एक कोळीगीत रचलं होतं. सोबत मोठा कॅमेरा घेऊन मुंबईचा एक माणूस होता. भावेश म्हणाला, की हे आपल्या बुरोंडीच्या बायांचं गाणं आहे, त्यात आपलीच माणसं हवीत. मनिषाची मुलगी ऋतिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला नाचायची फार हौस. आजीचं जांभळं लुगडं, रुंद पिवळ्या काठाचं, अख्ख्या बुरोंडीला ओळखीचं, ते नेसून ती आनंदाने निघाली. खुंटीवरून मलाही काढलं. किती दिवसांनी मला ऊन लागलं.

पहिल्यांदा भावेशनेच आपल्या फोनवर तिला टिपलं. पाटीत खरे बांगडे होते, खाली मी होते. ऋतिका ओल्या वाळूतून आजीसारखी सरळ चालत आली. मान भागूबाईचीच, मी शपथेवर सांगेन. पण मुंबईवाल्याला ते पसंत पडलं नाही. चेहऱ्यावर ताण दिसतो, म्हणाला. पाटी रिकामी करा, वरून प्लास्टिकचे मासे लावा. आणि ते मळकं कडं काढा.

मला काढून वाळूवर टाकलं. मी म्हटलं, ठीक आहे, रिकाम्या पाटीला चुंबळ कशाला लागते?

मग त्या माणसाने मला उचललं. पाण्याच्या कडेला वाळूत दाबून बसवलं आणि माझ्यावर कॅमेरा ठेवला. ओझं मला नवं नव्हतं. पण आजवरच्या ओझ्याला तोंड नव्हतं. याला होतं, आणि ते वर वळलेलं होतं. ऋतिकाला सांगितलं, की मागची होडी आणि समुद्र घेतोय, तू बिनधास्त नाच. ती नाचली. भरती चढत होती. लाट आली, लुगडं भिजलं. कॅमेरा माझ्यावर हळूच सरकला, तिच्या पायांकडून वर. तिला काही दिसत नव्हतं. ती दूर होडीकडे बघून हसत होती.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्या दिवशी ओरडता यावं, असं फार वाटलं. लाट यावी आणि मला कॅमेऱ्यासकट ओढून न्यावी, असंही वाटलं. पण लाट माझ्यापर्यंत येऊन परत गेली.

पाऊस लागला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, झापांनी झाकल्या. आखाडात गाण्याची झलक फोनवर आली. ऋतिका मागच्या दारी उभी राहून बघत होती. एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग फोन पालथा केला. आत येऊन तिने मला खुंटीवरून काढलं. माझ्या अंगावर कॅमेऱ्याच्या बुडाचा काळा रबरी डाग तसाच होता. त्या डागावरून तिने बोट फिरवलं. कॅमेरा कुठून बघत होता, ते तिला तेवढ्यावरून कळलं. 

ती कुणाला काही बोलली नाही. तिचे वडील खंडू होड्यांच्या मांडवात जाळी दुरुस्त करत बसायचे. त्यांचा फोन बटणांचा, पण शेजारी बसणाऱ्यांचे मोठे होते. रोज संध्याकाळी ते घरी आले, की ऋतिका आधी त्यांचा चेहरा बघायची. त्यांना कळलंय का? आज कुणी दाखवलं का? ते हातपाय धुऊन चहा मागत आणि ती पुन्हा श्वास घेई. असं रोज चाललं होतं. शिवाय नारळी पौर्णिमेला बंदरावर मोठा पडदा लावून पूर्ण गाणं सगळ्या गावाला दाखवायचं भावेशने ठरवलं होतं. यंदा समुद्राला वाहायचा मानाचा नारळ खंडूच्या हाती होता. म्हणजे ते सगळ्यांच्या पुढे बसणार होते.

मनिषाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सुकट आणि बोंबील घेऊन दापोलीच्या बाजाराला निघाली. रिक्षातून उतरून तिने मला डोक्यावर ठेवलं, वर पाटी घेतली. वाटेत पानाच्या टपरीपाशी तिघे जण उभे होते. एकाने फोनवर गाणं लावलं, 'ताजी मासोली, दे ना तोलून'. मनिषा चालत राहिली. कोळणीला बाजारात काय काय ऐकावं लागतं, तिला सवय होती. पण तो माणूस आडवा आला.

"काकी, आम्हाला पण द्या की तोलून," तो म्हणाला. बाकीचे हसले. "आणि ही बघा, तुमच्याच बाजूची हाय म्हणतात. वळखता काय?"

त्याने फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. त्या चित्रात तोंड नव्हतं. नुसती कंबर होती, पाय होते, उडणारं पाणी होतं. आणि जांभळ्या लुगड्याचा रुंद पिवळा काठ होता.

मनिषाची मान लाकूड झाली. इतकी, की मला धरायला जागाच उरली नाही. इतक्या वर्षांत तिच्या डोक्यावरून पाटी कधी पडली नव्हती. त्या दिवशी पडली. सुकट चिखलात पसरली, मी गटारापाशी घरंगळले. तिने मला उचललं, छातीशी धरलं आणि पाटी तिथेच टाकून ती स्टँडकडे पळत सुटली. मागून हसणं येत होतं.

घरी आल्यावर ती ओरडली नाही. ऋतिकाला एवढंच विचारलं, "तुला ठाव होतं?" ऋतिका रडायला लागली. म्हणाली, आये, कॅमेरा कुटं बघतोय, ते मला दिसत नव्हतं गो. बाबांना पडद्यावर दिसलं, तर मी कुटं जाऊ?

भागूबाई कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. तिने फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून झलक पाहिली. मनिषा म्हणाली, सासूबाई, नका बघू. लुगडं भिजलेलं, पोरीची लाज...

"लाज कसली?" म्हातारी म्हणाली. "मी नाय काय नाचले? माझं लुगडं नाय काय भिजलं? पण ह्यात पोरीचं तोंड कुटं हाय? तोंडच नाय, मग ही बाय हाय की बांगडा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत भावेशच्या घरी गेली. मला काखेत घेतलं होतं. मागून मनिषा आणि ऋतिका. सोनूबाईने चहा टाकते म्हटलं. भागूबाईने नको म्हटलं आणि मला पडवीच्या मधोमध जमिनीवर ठेवलं.

"भावेश, त्या दिशी यंत्र कसं ठेवलंवतं? तसं ठेव बघू."

भावेश हसला, पण हसू नीट उमटलं नाही. तो समजावू लागला, की हा अँगल असतो आजी, सगळ्या गाण्यांत असाच असतो, कंपनीला तसंच लागतं, नाहीतर बघत कोण नाही. मुंबईवाल्याने घेतलं, मी नाही. बोलत होता, पण ऋतिकाकडे बघत नव्हता.

तेवढ्यात त्याची बहीण सानिका आतून आली. ती रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. भिंतीला टेकवलेली आईची पाटी तिने डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, फोन ठेव. मी उभी हाय."

"तू आत जा," भावेश म्हणाला.

"का? सगळ्याच गाण्यांत असतं ना? मग घरच्या पोरीचं पण घे. लोक बघतील."

सोनूबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भावेश खाली बसला. बहिणीला खोटं पाडावं म्हणून असेल, त्याने फोन माझ्यावर ठेवला, काच वर करून. मग फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिथे सानिकाला तोंड नव्हतं.   त्याने फोन उचलून पालथा केला. 

मान वर न करता म्हणाला, "त्या मुंबईवाल्याकडं सगळं हाय, आजी. माझ्या हातात नाय आता."

 भागूबाईने काठी उचलली आणि म्हणाली, "पुनवेचा पडदा तर तुझ्या हातात हाय?"

नारळी पौर्णिमा आली. भावेश मुंबईला जाऊन आला होता, पण काय झालं ते त्याने सांगितलं नव्हतं. नैवेद्याच्या नारळीभाताची टोपली मनिषाच्या डोक्यावर होती आणि खाली मी. बंदरावर माणूसच माणूस. पूजा झाली, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ खंडूने समुद्राला दिला, आणि अंधार पडताच पडदा उजळला. खंडू पुढेच बसले होते. ऋतिकाने मला मांडीवर घेऊन इतकं आवळलं, की माझ्या आतला काथ्या कुरकुरला. घरी राहा म्हटलं तरी ती आली होती. म्हणाली होती, जे व्हायचं ते माझ्या पाठीमागे नको.

गाणं सुरू झालं. समुद्र दिसला. होडी दिसली. 

मग पडद्यावर तिचं तोंड आलं. भावेशने स्वतःच्या फोनवर घेतलेलं तेच पहिलं चालणं. कपाळावर घाम, मानेची शीर ताठ, डोक्यावर भरलेली पाटी, आणि पाटीखाली, मित्रांनो, मी. गाणंही बदललं होतं. ते वल्ह्यावर झोपणाऱ्या नवऱ्याचं होतं, भागूबाईचं. बाया एकेक करून गायला लागल्या.

खंडू मागे वळून म्हणाले, "चाल म्हातारीची हाय." एवढंच. ऋतिकाचे हात सैल झाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ती झलक अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. मुंबईवाल्याने बाकीचं कुठे टाकलं, कुणाला विकलं, भावेशला माहीत नाही. एखादा दिवस अचानक उगवेल आणि खंडूच्या शेजारी बसलेला कुणीतरी फोन पुढे करेल, ही भीती त्या घरात आहे. ती माझ्यातही आहे, काथ्यासारखी आत शिवलेली.

परवा मनिषाला ताप होता. ऋतिका म्हणाली, बाजाराला मी जाते. तिने मला डोक्यावर ठेवलं, वर पाटी घेतली. पानाच्या टपरीपाशी कुणीतरी 'ताजी मासोली'ची चाल शिटीवर वाजवली. क्षणात तिची मान लाकूड झाली. मी सगळ्या अंगाने तिला धरून बसले. ती थांबली. वळली. शिटी वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत तिने सरळ पाहिलं, आजी नाचताना बघायची तसं. शिटी बंद पडली. पुढे बाजारापर्यंत तिची मान थरथरत होती, पण पाटी पडली नाही.

मित्रांनो, आज तुमच्या प्रत्येकाच्या हातात काच आहे. ती काच कुणाकडे वळवण्याआधी त्या माणसाला ठाऊक आहे का, एवढं विचारा. आणि चित्रात बाई असेल, तर आधी तिचं तोंड शोधा. सापडलं नाही, तर ते चित्र पुढे पाठवू नका. मी साधी चुंबळ. मला डोक्यावर ठेवलं तर मी ओझं हलकं करते आणि वाळूत ठेवलं तर कुणाचं आयुष्य जड करते. कुठे ठेवायचं, ते मला ठरवता येत नाही.