इंदूबाईनं पाहिलेला सामना

बायकांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या एका पात्रता गटाचे सामने नागपुरात भरले, तेव्हा मला वाटलं, आता तरी आमच्या गावाला अक्कल येईल. मी जिला कवायतीच्या तासाला पहिल्यांदा चेंडू मारायला शिकवलं, ती प्रेमिला भारताकडून खेळत होती, आणि गाव विचारत होतं, मुली हाफ पँट घालून खेळणार का. घालणार. साडी नेसून कॉर्नर मारता येत नाही, हे मी दोघा-तिघांना शांतपणे समजावलं. चौथ्याला शांतपणे नाही.

गटात चार संघ होते. पहिले दोन परदेशात मुख्य स्पर्धेला जाणार होते. आपला संघ गेला तरी प्रेमिला जाणार की नाही, हे मात्र तिच्या आईच्या हातात होतं. इंदूबाई बर्डीच्या बाजारात भाजी विकायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं पोर वाढवली, आणि पोरीचा तापट स्वभाव तिच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. एका गिऱ्हाइकानं टमाटे दाबून दाबून टाकून दिले, तर प्रेमिलानं ते त्याच्याच शर्टावर फेकले होते. इथं मी आवरते, तिकडं हिले कोण आवरील, असं इंदूबाई मला म्हणाली. शेवटचा सामना डोळ्यानं पाहीन, मग काय ते सांगीन, एवढंच तिनं कबूल केलं.

प्रेमिलानं याचा सोपा अर्थ लावला. आईसमोर दोन गोल मारले की काम झालं. मीही मान डोलावली. आम्ही दोघी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होतो.

आणि नेमका तोच सामना न खेळण्याचा निघाला. आपले गुण आणि समोरच्या हिरव्या जर्सीवाल्यांचे गुण सारखे होते. बरोबरी झाली तर दोघेही पुढे. कोणी हरलं, तर हरणारा घरी आणि त्याच्या जागी पांढऱ्या जर्सीचा संघ. त्या पांढऱ्या मुलींचे सामने संपले होते, त्या इंदूबाई आणि मी बसलो होतो त्याच्या खालच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. कोचनं आपल्या मुलींना बजावलं होतं, चेंडू आपापसात फिरवा, पुढे जाऊ नका, त्याही येणार नाहीत. हे मला सामना सुरू होण्याच्या जरा आधी कळलं आणि आमचे दोन गोल तिथंच बुडाले.

लोकांना आधी काही उमगलं नाही. मग उमगलं. चेंडू या पोरीकडून त्या पोरीकडे, तिथून गोलकीपरकडे, परत पहिलीकडे. शिट्ट्या सुरू झाल्या, शेंगांची टरफलं उडाली, कोणीतरी खाटा आणून द्या म्हणालं. त्यापुढचं मी लिहीत नाही; प्रेमिलाचं नाव घेऊन जे बोललं गेलं, ते लिहिण्यासारखं नव्हतं. खालच्या पांढऱ्या मुलींपैकी एक तोंडावर टॉवेल धरून बसली होती. तिच्याकडे बघवेना. इंदूबाई मात्र पदर घट्ट धरून फक्त आपल्या पोरीकडे बघत होती.

सामना संपत आला तेव्हा हिरव्यांची एक मुलगी घसरली आणि चेंडू प्रेमिलाच्या पायाशी आला. पुढे कोणी नव्हतं. त्यांची गोलकीपर गोल सोडून पार बाजूला उभी होती. प्रेमिलानं वर आमच्याकडे पाहिलं. मार गं बाई, असं मी मनात म्हटलंच, सगळा हिशोब ठाऊक असून. तिनं पाय उचलला, टेकवला, वळली आणि चेंडू मागे दिला. सगळं मैदान तिच्यावर ओरडलं. संघ पात्र ठरला आणि माझ्या लेखी प्रेमिलाचं जाणं संपलं.

संध्याकाळी प्रेमिला इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी आली. मी तिची बाजू मांडायला आधीच जाऊन बसले होते. इंदूबाईनं तिला पाणी दिलं.

"गोल रिकामा होता," इंदूबाई म्हणाली. "मारला काहून नाही?"

"कोच सरांनी नाही म्हटलं होतं. मारला असता तर त्या चवताळून आल्या असत्या. उलटे दोन झाले असते तर आपण बाहेर."

"तुले मारावा वाटत होता?"

"लय वाटत होता. तू बसली होती ना वरतं."

"अन् लोकं शिव्या देऊन राहिले होते."

"हाव. ऐकू येत होत्या."

इंदूबाईनं तिच्या हातातला पेला घेतला. "मंग जाय," ती म्हणाली. "मले तेवढंच पाहाचं होतं. एवढं गाव अंगावर आलं अन् तू डोकं थंड ठेवलं. आता तुही काळजी नाही मले."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. पण प्रेमिला भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मी अशी नाही खेळत, माय," ती म्हणाली. "माहा खेळ तू पाहिलाच नाही."

इंदूबाई तिच्याजवळ बसली. तिच्या पायाला लागलेली माती तिनं पदरानं पुसली.

"आता तर तुहा खेळ तिकडंच होईन," ती म्हणाली. "अन् मी इथं भाजी विकून राहीन."