नवसात राहिलेला शब्द

माझी नात यारेत्सी पाच वर्षांची असताना मी बाळ येशूला नवस बोलले. तेव्हा बदामांचा हंगाम सुरू होऊन बागांची धूळ उडाली की तिची छाती कोंबडीच्या पिल्लासारखी धडधडायची. मी म्हटलं, "देवा, हिला मोकळा श्वास दे. मी रोज सकाळी उपाशीपोटी चालत तुझ्या दर्शनाला येईन आणि वर्षाला नवे बूट वाहीन." आमचा बाळ येशू रानोमाळ फिरतो, त्याचे बूट झिजतात, म्हणून त्याला बूट वाहायचे असतात.

नवस फळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या खोऱ्यातली हवा मुलीला मानवत नाही. माझी मुलगी मारिक्रूझ तिला घेऊन समुद्राकाठी राहायला गेली, इथून तीन तासांवर. तिथे यारेत्सी धावते, सायकल चालवते. मी देवाकडे श्वास मागितला, तो त्याने दिला. फक्त 'इथे' म्हणायचं राहून गेलं माझं.

दोन वर्षांनी, या शनिवारी, ती येणार होती. यंदाचे बूट स्वतःच्या हाताने वाहणार होती. मी मनुका घालून गोड तमालेस, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे उंडे, करायला घेतले. शुक्रवारी संध्याकाळी मक्याची पानं भिजत घालत होते, तेवढ्यात फेर्मिन कुंपणापाशी आला. समोरच्या बागेतला मुकादम तो. मारिक्रूझच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून मला कोमाद्रे, म्हणजे सहमाता, म्हणतो.

"कोमाद्रे, उद्या खिडक्या लावून घ्या. बाग झाडायचीय."

"उद्याच? सोमवारी नाही का चालणार?"

"आठ दिवस झाले बदाम खाली पडून. मालकाला तुम्हीच सांगा, माझी नात येतेय, बदामांना म्हणावं जरा दम धरा."

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. हसता हसता खोकला लागला, कुंपण धरून उभा राहिला तेव्हा कुठे खोकला थांबला. पडलेले बदाम झाडून ओळीत लावणाऱ्या, धुळीचे लोट उठवणाऱ्या यंत्रावर तीस वर्षं बसलाय तो.

सकाळी मी देवळात जाऊन आले. कालव्याच्या पुलावर हल्ली दोनदा टेकावं लागतं. परत येऊन कॉफी ठेवली, तोच फोन वाजला.

"आई, निघतोय गं आम्ही. फोनवर तुमच्याकडची हवा पिवळी, म्हणजे मध्यम, दाखवतेय. पिवळी चालेल म्हणाल्यात डॉक्टर."

फोनवर दिसते ती शहरातली हवा, चाळीस मैलांवरची. आमच्या गावात हवा मोजायला कुणी बसलेलं नाही. पण हे मारिक्रूझला कुठे आठवत होतं?

"आजी, मी निळे बूट घेतलेत!" मागून यारेत्सी ओरडली. "त्याला होतील ना?"

"होतील गं सोन्या."

समोर यंत्रं अजून गप्प उभी होती. मी मनात म्हटलं, दारं लावू, फटीत ओली फडकी कोंबू, दोन तासांचा तर प्रश्न आहे. एकदा पोटाशी धरीन आणि पाठवून देईन. तोंड उघडलं तेव्हा मात्र निराळंच बाहेर आलं.

"मारी, समोरची बाग आज झाडतायत."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"कालपासून सांगतेच आहे. मनातल्या मनात."

"आई, तूच ये ना इकडे. कशाला बसलीयस तिथे धूळ खात? बाळ येशू आमच्या चर्चमध्येही आहे की!"

"मी नवस इथल्याशी बोललेय."

"त्याला काय पत्ता कळत नाही? आणि तुझ्या छातीचं काय?"

"माझी छाती जुनी आहे. तिला सवय आहे."

"सवय म्हणे!" मग फोन यारेत्सीकडे गेला. ती रडत नव्हती, रुसली होती.

"मग बुटांचं काय?"

"पोस्टाने पाठव. मी तुझं नाव सांगून वाहीन."

"मला घालायचे होते त्याला."

"ठाऊक आहे. आता एक काम कर. फोन तोंडापाशी धर आणि एक मोठा श्वास घे बघू."

तिने घेतला. लांब, स्वच्छ, कुठेही न अडकलेला. मी डोळे मिटून ऐकला आणि "शाबास" म्हणून फोन ठेवला.

पलीकडे यंत्रं सुरू झाली. मी एकेक खिडकी लावत स्वयंपाकघरापर्यंत आले. तोंडाला रुमाल बांधून फेर्मिनने यंत्रावरूनच हात वर केला. मीही काचेआडून हात केला. मग धूळ उठली आणि तो दिसेनासा झाला.