शनिवारच्या पोस्टरवरचं नाव

मी एक जुना ड्रम आहे, मित्रांनो. ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा, आडवा ठेवून पायाने वाजवतात तो. रियेका बंदरातल्या एका तळघरातल्या क्लबमध्ये माझा मुक्काम आहे. येत्या शनिवारी इथे गावातल्याच चार बँडचा कार्यक्रम आहे आणि चौघांनाही साथ माझीच. खरं तर मी खुशीत असायला हवं. पण कालपासून माझं मन कशात लागत नाही.

जहाजांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिव्हियोने मला आपल्या मुलीसाठी, जुर्जासाठी आणलं. धाकट्या नेव्हियोला गिटार मिळाली. दोघं भावंडं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सराव करायची. डोंगरावरून 'बुरा' नावाचा गार, सोसाट्याचा वारा सुटला की पत्रे थडथडायचे, आणि जुर्जा त्या थडथडाटालाच ठेक्यात पकडायची. तिचा पाय मोठा समजूतदार. दुसऱ्या कोणाचा राग तिने कधी माझ्यावर काढला नाही. वाजवून झालं की मला पुसायची आणि आईची जुनी शाल पांघरायची.

पुढे त्यांचा बँड झाला, गावात नाव झालं. लोक नेव्हियोला चिडवायचे, "मागे बहीण आहे म्हणून तुझं गाणं उभं राहतं रे!" तो हसायचा. पण ते हसू दिवसेंदिवस आटत चाललं होतं.

मग एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. नेव्हियोने परस्पर दुसरा ड्रमवाला घेतला. बहिणीला सांगायची हिंमत त्याला झाली नाही, म्हणून त्याने आईला पुढे केलं. जुर्जा तेव्हा मासळीबाजारात आपल्या गाळ्यावर सार्डिन साफ करत होती. आईचं बोलणं ऐकून तिने पाटीतली उरलेली मासळी साफ करून संपवली. संध्याकाळी मला इथे आणून सोडलं आणि क्लबवाल्यांना म्हणाली, "ठेवा इथेच. ज्याला वाजवायचंय त्याने वाजवावा."

तेव्हापासून मी सगळ्यांचा झालो आणि कोणाचाच राहिलो नाही. टाळ्या पुष्कळ ऐकल्या. पण कोणी माझ्यावर बिअरचे ग्लास ठेवले, कोणी माझ्या तोंडावर ताणलेलं पान फाटलं तर नुसती चिकटपट्टी मारून वेळ भागवली. नेव्हियोचा नवा ड्रमवालाही एक दिवस निघून गेला.

आणि काल दुपारी जुर्जा आली. अंगाला मासळीचा वास, हातात शनिवारचं पोस्टर. शनिवारच्या चार बँडपैकी एक नेव्हियोचा; तो एकटाच तारा जुळवत बसला होता.

"हे काय आहे?"

"तुझं नाव."

"वाचता येतं मला. कोणाला विचारून छापलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"विचारून तरी बघायचंस, गाढवा! तेव्हा आईला पुढे केलंस, आता हा कागद. माईकसमोर तोंड बंद होत नाही तुझं, माझ्यासमोर काय होतं रे?"

नेव्हियो पुन्हा तारा पिळू लागला. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. "काय अवस्था केलीय याची!" ती पुटपुटली. कपाटातून नवं पान शोधून आणलं, चिकटपट्टीचं जुनं काढलं, चावीने एकेक बाजू ताणून नवं बसवलं. मग बघू या म्हणून काठ्या उचलल्या आणि मला वाजवायच्या पायपट्टीवर पाय ठेवला. तोच पाय! नेव्हियोने हळूच गिटार उचलली. दोघांनी पत्र्याच्या खोलीतलं एक गाणं अर्ध्यापर्यंत वाजवलं आणि जुर्जा थांबली.

ती वाट बघत होती, मित्रांनो. तिचा पाय अजून पट्टीवरच होता. नेव्हियोने एवढंच विचारायचं होतं: येशील का?

नेव्हियो म्हणाला, "वा! अजून जमतं की तुला!"

जुर्जाने काठ्या खाली ठेवल्या. "जमतं," ती म्हणाली. "शनिवारी बाजारात गर्दी असते. मला वेळ नाही." आणि जिना चढून निघून गेली.

कोणी वाजवल्याशिवाय मला आवाज नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मित्रांनो, आम्हा वाद्यांची निगा जरूर राखा. पण जे माणूस हवं आहे, त्याच्यासमोर उभं राहून त्याला एकदा साध्या शब्दांत विचारा.

शनिवार अजून उजाडायचा आहे. मासळीबाजार इथून पायी जाण्याइतका जवळ आहे. आणि नेव्हियो सकाळपासून फोन घेऊन बसलाय, दुसरा ड्रमवाला शोधत.