रुमालाखालचं करंट खातं

बँकेचा मेसेज आला की आमचे आबा मोबाइल माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "काय म्हंतोय त्यो?" त्या दिवशीही तसंच झालं.

"परत पैसे कापले, आबा."

"कशापायी?"

"खात्यात मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून."

"म्हंजी पैसं कमी हायत म्हनून आनि कमी केलं?" आबांचा चहा तसाच राहिला. "शेरडू वाळलं म्हनून कुनी त्याचा चारा काढून घेतं व्हय?"

मी सुकन्या, बी.कॉम. झालेय, पण असले प्रश्न परीक्षेत आले नव्हते.

आबा म्हणजे धनाजी शेरडंवाले. दर रविवारी सांगोल्याच्या बाजारात शेरडं घ्यायची आणि सोलापुरातल्या हॉटेलांना, खानावळींना पोचवायची, हा त्यांचा धंदा. हॉटेलवाले रोख देईनासे झाले तेव्हा आबांनी सात रस्त्यावरच्या एका मोठ्या बँकेत करंट खातं काढलं. तिथल्या माणसाने गोड बोलून त्यांना मोठ्या व्यापाऱ्यांचं खातं दिलं. आमचे पैसे आठवडाभर जमायचे आणि शनिवारी बाजारासाठी निघायचे. खातं बहुतेक वेळ रिकामंच. त्यामुळे बॅलन्स कमी म्हणून पैसे कट, खानावळवाल्यांची रोख जास्त भरली म्हणून कट, मेसेजचे कट आणि या सगळ्यावर पुन्हा टॅक्स. मला संताप यायचा. आबांना मात्र वेगळंच दुःख होतं. "दलाल बी दलाली घेतो," ते म्हणायचे, "पर आदी सौदा तर करतो की!"

सौदा हा आबांचा जीव की प्राण. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल किंवा टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. रुमालाखाली काय ठरलं ते बाहेर बोलायचं नाही. जमलं नाही तर उठायचं आणि सावकाश चालू लागायचं, म्हणजे मागून हाक येते. आणि एकदा जमलं, इसार म्हणून थोडे पैसे हातावर ठेवले, की मग दुसरा कुणी सोनं देऊ लागला तरी माघार नाही.

मला या बाजारात जायचं होतं. बघायला नाही, धंदा करायला. कॉलेज संपल्यावर वर्षभर एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसले, तेव्हा मान आखडली आणि डोकंही. शेरडाचे दात बघून वय सांगायला मी लहानपणीच शिकले होते. पण आबांनी माझ्या चुलतभावाला, सिद्धनाथला, हाताखाली घ्यायचं मनात धरलं होतं.

"सिद्धनाथ बोकडाच्या तोंडात हात घालायला भितो," मी भांडायचे. "त्याला धंदा देता आणि मला नाही?"

"तुला समदं येतंय, मी कुटं न्हाय म्हंतो?" आबा नजर चुकवायचे. "पर रुमालाखाली तुजा हात कोन धरनार, बाय? समदी परकी बाप्ये मानसं."

आई चुलीकडूनच ऐकवायची, "तुमच्या सिद्धनाथाला बोकडानं बाजारात न्हेऊन इकलं तरी त्याला कळायचं न्हाय." आबा हसायचे, पण ऐकायचे नाहीत. येत्या दिवाळीला सिद्धनाथला बाजारात उतरवायचं त्यांनी भावाला सांगूनही टाकलं होतं. म्हणजे मी पुन्हा मान आखडायला मोकळी.

तर तो मेसेज आला आणि आबा म्हणाले, "चल. आज सायबाशी समोरासमोर बोलतो." मला वाटलं, अर्ज वगैरे देतील.

मॅनेजर शिवानंद म्हणून तरुण माणूस होता, अक्कलकोटकडचा, बोलायला मऊ. त्याने नियम समजावून सांगितले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावरचा साहेबाचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि त्याच्या डोळ्यांत बघत बोटं दाबली.

शिवानंद ताडकन उभा राहिला. "अहो मामा, काय करताय! वर कॅमेरा आहे! लोकांना वाटेल मी काही घेतोय!"

अख्खी बँक बघायला लागली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हसूही आवरेना. आबा मात्र गंभीर. "जमत न्हाय म्हना की, सायेब. वरडता कशाला?" असं म्हणून ते उठले आणि दाराकडे निघाले, अगदी सावकाश. मला कळलं, ते हाकेची वाट बघतायत. काउंटर गेला, पाण्याचा कूलर गेला, दार आलं. आबांनी उगाच चप्पल झटकली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ मामा!"

आबा असे वळले की काय सांगू! चेहरा उजळला होता. वॉचमन धावत आला आणि म्हणाला, "टॉवेल राहिला तुमचा."

घरी येईपर्यंत आबा टॉवेलची घडी घालत आणि मोडत राहिले. इतकी वर्षं बाजार केला, पण मागून हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर संधीही दिसली.

"हा सौदा मला द्या," मी म्हटलं. "स्वस्त खातं मी मिळवते. जमलं तर मी बाजारात येणार, सिद्धनाथ नाही."

"आदी करून तर दाखीव. मग बगू."

"'बघू' नको. शब्द द्या."

आबांनी आईकडे बघितलं. आईने भाकरी थापायची थांबवली नाही, पण भुवया वर केल्या. "दिला," आबा म्हणाले.

मग मी बँका पालथ्या घातल्या. एके ठिकाणी तर चार्जेसचा कागद एवढा लांब होता की वाचतानाच भूक लागली. शेवटी सात रस्त्यामागच्या गल्लीत एक छोटी बँक सापडली. तिथे उत्कर्षा नावाची माझ्याच वयाची बाई होती. मी तिला शेरडाचे दात बघावेत तसे प्रश्न विचारले. बॅलन्स रोजचा बघता की महिन्याची सरासरी? रोख किती फुकट भरता येते? मेसेजचे किती? बंद करायचं झालं तर किती?

"एवढं कुणी विचारत नाही हो," ती हसली. पण तिने सगळं सांगितलं, आत जाऊन खात्रीही करून आली. छोट्या व्यापाऱ्यांचं खातं होतं. थोडकी सरासरी ठेवायची आणि आमच्या धंद्याला पुरेल एवढी रोख फुकट भरायची. दुसऱ्या दिवशी आबांना नेलं, सह्या झाल्या, पहिले पैसे भरले. मी उत्कर्षाला म्हटलं, "हा आमचा इसार समजा." तिला ते कळलं नाही, पण आबांनी माझ्याकडे वळून बघितलं.

खातं सुरू झालं. हॉटेलवाल्यांना नवा नंबर कळवला आणि जुनं खातं बंद करायला आम्ही सात रस्त्यावर गेलो. शिवानंदने अर्ज वाचला, चेकबुक घेतलं आणि "ठीक आहे मामा" म्हणाला. आम्ही निघालो. आबा सवयीने सावकाशच चालत होते.

"ओ मामा! थांबा जरा!"

आबांनी आधी खांदा चाचपला. टॉवेल जागेवर होता. मग ते वळले.

हाक साक्षात मॅनेजरने मारली होती. "मामा, त्या दिवसानंतर मी वरती विचारलं होतं. तुमचं खातं खालच्या गटात करून देतो. बॅलन्स फार कमी लागेल आणि मागच्या महिन्याचे कापलेले पैसेही परत मिळतील."

मी मनात हिशेब केला. उत्कर्षाच्या खात्यापेक्षा हे जरा स्वस्तच पडत होतं. आबांचा चेहरा तर असा फुलला होता, की त्यांना स्वस्ताशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. हाक आली होती! ते माझ्याकडे वळले. "काय गं, वळायचं का?"

मोह मलाही झाला. पण मी म्हणाले, "इसार दिलाय, आबा. आता माघारी कसं यायचं?"

आबांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग त्यांनी शिवानंदला हात जोडले. "सायेब, पोरगी इसार देऊन बसलीया. आता तुमी फुकाट दिलं तरी जमायचं न्हाय."

शिवानंद मनमोकळा हसला. "बरं, त्या दिवशी टॉवेलखाली किती म्हणालात, ते तरी सांगा."

"रुमालाखालचं भाईर सांगत न्हाईत, सायेब."

बाहेर येऊन आम्ही चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसलो. आबांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "सिद्धनाथाच्या बापाला आज सांगतो. ह्या आयतवारी तू यायचं. पर तुजी पाती किती, ते आदी ठरवू."

पाती म्हणजे धंद्यातला वाटा. मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात हातात घेतला आणि भर सात रस्त्यावर वर टॉवेल टाकला.

"आबा, लोकं बघतायत."

"बगू देत. पयला मी धरतो. मग बगू, सांगोल्यात कुनाला लाज वाटतीया."

त्यांचा हात शेरडांच्या दाव्यांनी राठ झालेला, पण बोटं हलकेच दाबत होती. माझे डोळे भरून आले. मात्र त्यांनी सांगितलेली पाती फारच कमी होती. मी डोळे पुसले आणि माझा आकडा दाबला. आबांनी नकाराची मान हलवली. मी पुन्हा तोच दाबला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि चहाकडे वळले.

मी उठले, ओढणी नीट केली आणि चालू लागले, अगदी सावकाश. फळवाला गेला, रिक्षा स्टँड मागे पडला.

"सुके! अगं ए सुके! ये की माघारी!"

मी लगेच वळले नाही.