पाचशे एक्केचाळीस

क्लिफ एंट्विसलने पाचव्या क्रमांकापुढचं नाव तिसऱ्यांदा खोडलं, तेव्हा कागदालाच भोक पडलं.

"दुसरा कागद घे," त्याचा मदतनीस विन्स दारातून म्हणाला. "आणि ठरव एकदाचं. रेफरी यादी मागतोय."

"तूच ठरव ना."

"वा! पगार तुला आणि शिव्या मला?"

केल्डन टाउन या फुटबॉल क्लबचा हा मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी साधली तरी क्लब लीगमध्ये टिकणार होता. हरला तर क्लब बाहेर, आणि पाठोपाठ त्याचा मॅनेजर क्लिफही. एवढ्यावर भागलं असतं, तर क्लिफला सकाळची न्याहारी निदान गिळता आली असती.

पण नील फॅरो होता ना. बचावाच्या मधोमध खांबासारखा उभा राहणारा आणि अलीकडे खांबाइतकाच पळणारा. वय सदतीस, आजचा सामना संपला की निवृत्त. क्लबकडून सर्वांत जास्त सामने खेळण्याचा विक्रम क्लिफचा होता : पाचशे एक्केचाळीस. नीलचेही गेल्या शनिवारी पाचशे एक्केचाळीस झाले होते. क्लिफच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं. एक चषक नाही, इंग्लंडचा शर्ट नाही. मॅनेजर झाल्यावर दोन क्लबांनी नारळ दिला, तो तेवढा कमावलेला.

नीलला वगळलं तर गाव म्हणणार, म्हाताऱ्याने विक्रम वाचवला. खेळवलं आणि हरलो, तर म्हणणार, भिडेपायी क्लब बुडवला. गावाचं त्याने पचवलं असतं. स्वतःला विचारायचीच हिंमत होत नव्हती.

शेवटी त्याने एका तरुणाचं नाव लिहिलं आणि नीलला राखीव ठेवलं. ड्रेसिंग रूममध्ये यादी वाचताना तो नीलच्या बुटांशी बोलला.

"समोरचे पळणारे आहेत. तुझे पाय जड झालेत."

"खरंय, बॉस," नील म्हणाला. "परवा बसथांब्यावर माझी सासू माझ्याआधी पोचली."

सगळे हसले. क्लिफ जरा उशिरा हसला.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला शून्य-शून्य. पाहुणे आता गोलासमोर उंच उंच चेंडू टाकू लागले होते. स्टँडमधून "फॅरो! फॅरो!" सुरू झालं.

"आता पाय नकोत, डोकं हवंय," विन्स म्हणाला. "पाठव त्याला."

खरंच होतं. क्लिफपाशी सबब उरली नव्हती.

"नील, उतर."

नीलने ट्रॅकसूट काढला आणि तो रेषेपाशी जाऊन उभा राहिला. चेंडू बाहेर जाऊन खेळ थांबला की रेफरी त्याला आत घेणार, आणि आत पाऊल पडलं की पाचशे बेचाळीस. पण चेंडू बाहेर जाईना. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. क्लिफने पुन्हा घड्याळ पाहिलं.

मग चेंडू डावीकडच्या ग्रेगच्या पायात आला, अगदी क्लिफसमोर. दोन पाहुणे त्याच्या अंगावर धावले.

"बाहेर मार!" अख्खा स्टँड ओरडला.

"अरे मार की बाहेर, गाढवा!" विन्स किंचाळला.

नीलने पाय रेषेला टेकवला.

"ठेव!" क्लिफचा आवाज सगळ्यांवरून गेला. "बाहेर नको! जवळ ठेव!"

ग्रेग दचकला, गर्रकन वळला, कसाबसा दोघांमधून निसटला आणि त्याने चेंडू सोबत्याकडे दिला. त्याने पुढच्याकडे. तेवढ्यात शिट्टी झाली.

लोक मैदानात घुसले. विन्सने क्लिफला मिठी मारली. "काय छाती आहे रे तुझी! अशा वेळी चेंडू राखायला सांगतोस?"

क्लिफने मिठी सोडवली. समोर नील आला. त्याच्या शर्टावर चिखलाचा ठिपका नव्हता. त्याने क्लिफचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला नाही.

"वाचलो, बॉस."

"वाचलो."

"तुमच्या शेजारी मी चार मोसम खेळलो," नील म्हणाला. आवाजात राग नव्हता. आठवायचा प्रयत्न करतोय असंच वाटत होतं. "अशा वेळी तुम्ही चेंडू जवळ ठेवलात, असं एकदाही झालं नाही."

क्लिफने तोंड उघडलं. पण तोवर लोकांनी त्याला खांद्यावर उचललं होतं.