खुन्याचं नाव आणि इंदिराबाई

मी रेडिओवरची गुप्तहेर मालिका बोलतेय, खासगी गुप्तहेर रणदिव्यांची. मला चेहरा नाही. नुसता आवाज, तोही आता घोगरा.

सुपात तांदूळ हलवले की माझ्यात पाऊस पडायचा, टेबलावर पट्टी आपटली की गोळी सुटायची. तरी लोक उठून दाराची कडी तपासायचे. माणसांना कानांनी घाबरायला फार आवडतं.

माझा फक्त शेवटचा भाग उरला, तो बंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या सुब्बारावांमुळे. घरच्यांना दटावून, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी तो कॅसेटवर घेतला. रणदिवे खुन्याचं नाव घेणार, तेवढ्यात शेजारच्या गंगव्वा जायला उठल्या. सवाष्ण कुंकवावाचून घराबाहेर जाते म्हणजे काय! सुब्बारावांच्या पत्नी इंदिराबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "गंगव्वा, स्वल्प थांबा की! कुंकू लावून जावा!"

नाव त्याखाली दडपलं. कुणालाच ऐकू आलं नाही.

"खुन्याला पाठीशी घातलंस तू," सुब्बाराव अजून म्हणतात.

"मग गंगव्वाला तसंच धाडू होय?" इंदिराबाईही अजून.

पुढे मी कपाटात पडून राहिले. यंदा त्यांच्या मुलाचं, सुनीलकुमारचं लग्न झालं. सून स्वानंदी पुण्याची, मोजकं बोलणारी. तिनं मला पुसलं, वाजवलं, फोनवर उतरवून घेतलं. फीत कुरकुरत होती. पुन्हा वाजणं तिला जमणार नव्हतं.

"सोपंय," सुनीलकुमार म्हणाला. "कॉम्प्युटरवर अम्माचा आवाज पुसला की नाव ऐकू येईल."

मी थरारले. त्या एका नावासाठी तर मला रचलं होतं!

"पुसा की," इंदिराबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "मधे मीच बोलले ना."

"नको." स्वानंदीचा एवढा मोठा आवाज घरानं पहिल्यांदाच ऐकला. "बाकी सगळे नाटकी बोलतात. खरं बोलणं तेवढंच आहे."

सुब्बाराव हिरमुसले. "मग खुनी कोण?"

"तुमचा संशय कुणावर, बाबा?"

"डॉक्टरच तो."

"डॉक्टर कसला?" इंदिराबाई फिस्कारल्या. "ती भाची. एवढी रडली, एकदा तरी नाक ओढलं का तिनं?"

"तू ऐकत होतीस?"

"मग? कान कोनाड्यात ठेवून भाकऱ्या थापत होते काय?"

इतक्या वर्षांत इंदिराबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

आता मी फोनमध्ये राहते. रविवारी कॉफीबरोबर मला लावतात आणि चौघं तावातावानं भांडतात. शेवट नसल्याचं दुःख मला उरलेलं नाही. तुमच्या कपाटात माझी एखादी कॅसेट असेल तर जरूर वाजवा. फक्त खुन्याचं नाव सापडलं तर येलहंक्याला कळवू नका. इथं भांडण नुकतंच रंगात आलंय.