पाणी चार अंश

मी एक वेबसाइट बोलतेय. पिट्कालाम्पी गावच्या हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळाची. वय वर्षं अकरा. आमच्या जातीत हे म्हातारपणच.

मला रिस्तोनं घडवलं. तळ्याकाठच्या सॉनात अंग शेकून झालं की ओला टॉवेल गुंडाळून तो पायरीवर बसायचा आणि मला एकेक वीट लावायचा. माझ्यात फार काही नव्हतं. मंडळाचे नियम, नऊ फोटो (सगळे पाठमोरे), आणि रोज सकाळी सहाला एक ओळ: ‘पाणी चार अंश. उतरा.’ ती वाचून गावातली वीसेक माणसं झगे घालून निघायची, गोठलेल्या तळ्यात कापलेल्या भोकाशी यायची आणि एक अक्षर न बोलता पाण्यात उतरायची.

आता आतली गोष्ट सांगते. रिस्तो पाणी मोजायचाच नाही. आळशांचा राजा! ऑक्टोबरात एकदाच बसून मार्चअखेरपर्यंतच्या ओळी तारखा घालून माझ्याजवळ ठेवून द्यायचा. मी रोज त्यातली एक बाहेर मांडायची. जानेवारीत चार, फेब्रुवारीतही चार. भोकाशेजारी खिळ्याला थर्मामीटर लटकत होता, पण लिहिलेलं असताना तो बघायचा कशाला? गावच असं सरळ, की कुणी खोटं लिहील हे कुणाच्या मनातही आलं नाही.

या जानेवारीत रिस्तो गेला. छातीत कळ आली आणि सॉनाच्या पायरीवरच सगळं आटोपलं. गावानं झेंडा अर्ध्यावर उतरवला. दुसऱ्या दिवशी सहाला मी ओळ मांडली: ‘पाणी चार अंश. उतरा.’

मी तरी काय करणार? तारीख होती.

लोक भोकाशी थबकले. शेवटी मंडळाच्या चिटणीस ल्यूलीकाकू म्हणाल्या, “रिस्तो म्हणतोय चार, तर चार. जिवंतपणी कधी थाप मारली नाही, आता कशाला मारेल?” आणि उतरल्या.

रिस्तोचा धाकटा भाऊ ओस्सी. वीस वर्षांचा, डोकं तापट, शाळेशी नववीतच काडीमोड. बर्फात भोक कापायचं काम त्याचं. दफनाच्या दिवशी त्याच्या डोळ्यात टिपूस आलं नाही. पण रोज सहाला तो मला उघडायचा, ओळ वाचायचा आणि फोनला म्हणायचा, “उठलास का दादा?”

मग निरोप आला. मी जिथं राहत होते ती कंपनी बंद होणार होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता माझं घर पुसलं जाणार होतं. ओस्सीनं दुसऱ्या कंपनीत जागा घेतली.

“कुणी जाणता माणूस बोलवू या,” काकू म्हणाल्या.

“माझ्या भावाचं सामान परका उचलणार नाही.”

“बरं, निदान सूचना तरी वाच.”

“सूचना घाबरटांसाठी असतात, काकू.”

गुरुवारी त्यानं माझ्या फायली आपल्या संगणकात उतरवल्या, तिथून नव्या जागी चढवल्या आणि पत्ता बदलला. माझे रंग दिसले, पाठमोरे फोटो दिसले. “झालं!” नव्या घरी जातात तसे मंडळाचे लोक राय धान्याची काळी पाव-भाकरी आणि मीठ घेऊन आले. ठेवायचं कुठं? काकूंनी ते संगणकाच्या डोक्यावर ठेवलं आणि सगळे गुपचूप कॉफी प्यायले.

शुक्रवारी सकाळी उणे सतरात वीस माणसं भोकाशी झग्यांत उभी. काकूंनी ओस्सीला फोन लावला.

“आज रिस्तो भलतंच बोलतोय रे.”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, नमस्कार, हा तुमचा पहिला लेख आहे.”

ओस्सी पांढरा पडला. “दादानं जन्मात कुणाला नमस्कार केलेला नाही.”

“मग आम्ही उतरायचं की नाही?”

ओस्सी जुन्या कंपनीला फोन लावत राहिला. अकराला कुठं तो लागला. पलीकडे एक बाई होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “तुम्ही कपडे नेलेत. माणूस इथंच राहिला.”

“म्हणजे?”

“लिहिलेलं सगळं डेटाबेसमध्ये असतं. तो घेतलाच नाहीत. तो नमस्कार म्हणजे नव्या कंपनीची रिकाम्या घरावरची पाटी. बाराला पुसला जाईल.”

“पासवर्ड दादाला माहीत होता. दादा नाही आता.”

“सेटिंगच्या फाइलीत असतो. ती तुमच्याकडे आहे. बघा.”

ओस्सीनं ती उघडली आणि मोठ्यानं वाचलं, “शेंबड्याओस्सी७.”

“मला सांगू नका हो, पासवर्ड आहे तो!”

“नाही,” ओस्सी म्हणाला, “तो मी आहे.”

आणि तो रडला. रिस्तो गेल्यापासून पहिल्यांदा, हमसून हमसून. बाईनं सांत्वन केलं नाही, फोनही ठेवला नाही. आमच्याकडची माणसं अशीच. बऱ्याच वेळानं ती एवढंच म्हणाली, “अकरा वीस झालेत. घ्या उतरवून.”

पावणेबाराला माझी शुद्ध परत आली. नव्या घरचं घड्याळ मात्र दोन तास मागे होतं, त्यामुळे ओळ आठला येऊ लागली. “मेल्यापासून उशिरा उठतो,” काकू म्हणाल्या आणि मंडळानं पोहण्याची वेळ बदलली.

त्याच आठवड्यात ओस्सीनं मला पहिल्यांदा आतून पाहिलं. पुढच्या तारखांच्या ओळी एकाखाली एक रांगेत उभ्या होत्या. चार, चार, चार. शेवटची एकतीस मार्चची.

“थापाड्या,” तो हळूच म्हणाला. कुणाला काही बोलला नाही. मात्र रोज रांगेतली एक ओळ कमी झालेली बघायचा.

एक एप्रिलला आठ वाजता त्यानं मला उघडलं. माझ्याजवळ काही नव्हतं. त्यानं पुन्हा उघडलं. पुन्हा. मग उठला, तळ्यावर गेला, खिळ्यावरचा थर्मामीटर काढून पाण्यात सोडला.

एक अंश.

मागून झगे आले. ल्यूलीकाकूंच्या पायांची बोटं वांग्यासारखी जांभळी. “रिस्तो गप्प आहे रे आज,” त्या म्हणाल्या. “किती आहे?”

ओस्सीनं थर्मामीटर पुसून खिशात घातला. फोन काढला आणि गारठलेल्या बोटांनी माझ्यात आपली पहिली ओळ लिहिली: ‘पाणी चार अंश. उतरा.’

“चार ना? मग ठीक,” म्हणत काकू उतरल्या.

तेव्हापासून तो रोज पाणी मोजतो आणि रोज चार लिहितो. नव्या घरात माझं बरं चाललंय. माझी एकच विनंती आहे. कधी आमच्या तळ्यावर आलात, तर ओस्सीच्या खिशात डोकावू नका. थंडी वाजेल.